राष्ट्राध्यक्षाची सही कुठवर चालते?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांविषयी आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रांत वाद एकच आहे : नेता एक घाव दोन तुकडे करणारा असावा की सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा? तिथल्या घटनेने हा प्रश्न नेत्याच्या स्वभावावर सोडलेला नाही. कोणतं काम एका सहीने होईल आणि कोणत्या कामाला किती मतं जुळवावी लागतील, हे तिने ठरवून दिलं आहे. नेत्याची पारख तिथूनच सुरू करावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष शपथ घेतल्या दिवसापासून आदेशांवर आदेश काढतो. जनतेने थेट निवडून दिलेल्या माणसाने काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मनधरणी कशासाठी करायची? (एक वाचक, नाशिक)

आधी एक दुरुस्ती. ही निवड थेट लोकमताने होत नाही. राज्याराज्यांतून निवडले गेलेले ५३८ निर्वाचक मत देतात आणि २७० मतं मिळवणारा जिंकतो. २००० आणि २०१६ साली देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मतं मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. दुसरीकडे काँग्रेसच्या दोन सभागृहांतले, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे ४३५ सदस्य आणि सिनेटचे १०० सिनेटर, स्वतःच्या मतदारांच्या जोरावर येतात. राष्ट्राध्यक्ष त्यांना बरखास्त करू शकत नाही. त्यांचं तिकीटही कापू शकत नाही, कारण उमेदवारी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मतदारच देतात. तो फार तर एखाद्याला पाठिंबा देईल किंवा एखाद्याविरुद्ध प्रचार करील.

आता आदेशाविषयी. आपल्याकडच्या अध्यादेशाशी त्याची नेहमी गल्लत होते. भारतात संसदेचं अधिवेशन नसताना काढलेल्या अध्यादेशाला कायद्याचंच बळ असतं आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी लागते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा कायदा करण्याचा अधिकार मुळीच नाही. त्याचा कार्यकारी आदेश म्हणजे हाताखालच्या प्रशासनाला दिलेली लेखी आज्ञा. तिच्यामागे घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातला अधिकार तरी लागतो किंवा काँग्रेसने केलेला एखादा कायदा तरी. दोन्ही नसतील तर न्यायालयात ती उभी राहत नाही.

१९५२ चं पोलाद प्रकरण याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. कोरियाचं युद्ध चालू होतं, पोलाद कामगार संपाच्या तयारीत होते. ८ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी देशातले प्रमुख पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. हातात दुसरा मार्ग होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याखाली न्यायालयातून संप ८० दिवस थांबवता आला असता. पण तो कायदा ट्रूमन यांच्या नकाराधिकाराला डावलून काँग्रेसने केला होता आणि त्यांना तो कामगारांवर अन्याय करणारा वाटत होता. शिवाय तो करताना कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद काँग्रेसपुढे आली होती आणि तिने ती नाकारली होती. इथेच ट्रूमन यांचा पाय अडकला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला. कारखाने मालकांकडे परत गेले आणि मग झालेला संप ५३ दिवस चालला. जो टाळण्यासाठी धडाडी दाखवली, तोच पदरात पडला.

त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी दिलेली तीन पायऱ्यांची कसोटी आजही वकील सर्वांत आधी काढतात. काँग्रेसच्या परवानगीने वागताना राष्ट्राध्यक्ष सर्वांत बलवान असतो. काँग्रेस गप्प असेल तर तो धूसर पट्ट्यात असतो आणि निकाल परिस्थितीवर ठरतो. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागताना तो सर्वांत दुबळा, कारण तेव्हा त्याच्याकडे फक्त घटनेने एकट्याला दिलेले अधिकार उरतात. ट्रूमन तिसऱ्या पायरीवर सापडले. मनधरणी कशासाठी, याचं उत्तर यात आहे : सहमती मिळवली की तोच माणूस, तीच सही, पण पायरी पहिली.

प्रश्न : आमच्यासारखी हजारो मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. एखादा खमका राष्ट्राध्यक्ष ही रांग एका आदेशाने का संपवत नाही? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

कारण रांगेची लांबी कायद्यातल्या दोन आकड्यांनी ठरते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, त्यातच पती-पत्नी आणि मुलंही मोजायची. आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. हे आकडे काँग्रेसने लिहिले आहेत, तेव्हा बदलायचे तर तिनेच बदलायला हवेत.

उलट दिशेला मात्र राष्ट्राध्यक्षाचा हात बराच लांब पोचतो. १९५२ च्या स्थलांतर कायद्याने परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याचा किंवा त्यावर अटी घालण्याचा व्यापक अधिकार त्याला दिला आहे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या अधिकाराचा मोठा वापर उचलून धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये कुशल परदेशी कामगारांसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर आकारण्याची घोषणा झाली ती याच कलमाच्या आधारावर. तिला लगेच न्यायालयात आव्हान दिलं गेलं, हेही खरं. थोडक्यात, दार लावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, रांग हलवण्याचा दिलेला नाही. खमकेपणाची अपेक्षा करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मधला एक मार्ग आहे तो खात्यांच्या नियमांचा. एच-१बी कामगारांच्या, एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची परवानगी मिळाली ती २०१५ च्या नियमाने. तो २६ मे २०१५ पासून लागू झाला. पुढच्या सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये तो रद्द करण्याचा इरादा जाहीर केला, पण रद्द करण्याचा मसुदा शेवटपर्यंत प्रसिद्धच झाला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. नियम मोडायलाही तो करताना केली तीच प्रक्रिया करावी लागते : मसुदा राजपत्रात छापायचा, हरकतींसाठी बहुधा ३० ते ६० दिवस द्यायचे, महत्त्वाच्या हरकतींना कारणं देऊन उत्तर द्यायचं, मग अंतिम नियम. घाई केली तर काय होतं ते २०२० मध्ये दिसलं. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या तरुणांना संरक्षण देणारी योजना बंद करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. योजना बंद करण्याचा अधिकार नाही असं न्यायालय म्हणालं नाही. कारणमीमांसा अपुरी होती, म्हणून निर्णय पडला.

आणि सहमतीचा मार्ग? तो तुमच्याच बाबतीत अगदी काठावर येऊन बुडाला. नोकरीच्या वर्गातली देशवार मर्यादा काढून टाकणारं विधेयक १० जुलै २०१९ ला प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटने २ डिसेंबर २०२० ला त्याचा वेगळा मसुदा एकमताने मंजूर केला. परंतु दोन्ही सभागृहांतून शब्दशः एकच मसुदा मंजूर व्हावा लागतो. तो जुळवायला महिनाभर उरला होता, जुळला नाही, आणि ३ जानेवारी २०२१ ला ती काँग्रेस संपली. दोन वर्षांची मुदत संपली की अपुरी विधेयकं मरतात आणि पुढच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी व्हाइट हाउसमधून कोणीतरी दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटी करणाऱ्यांना एका टेबलावर बसवावं लागतं. ते कोणी केलं नाही. रांगेतल्या कुटुंबांनी त्याची किंमत मोजली आणि अजून मोजत आहेत.

प्रश्न : सहमती घडवणं म्हणजे नेमकं काय करतात? फोन, जेवणावळी आणि गोड बोलणं, एवढंच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

अजिबात नाही. ते अतिशय हिशेबी काम आहे. वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा कसा पार पडला ते क्रमाने पाहा.

जॉन केनेडी यांनी जून १९६३ मध्ये विधेयक पाठवलं. २२ नोव्हेंबरला त्यांची हत्या झाली आणि लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. सिनेटमध्ये बहुमताचे नेते म्हणून सहा वर्षं काढलेल्या या माणसाला विधेयक कुठे कुठे अडेल हे तोंडपाठ होतं. त्यांनी सर्वांत आधी वेगळंच विधेयक मार्गी लावलं : करकपातीचं. ते रेंगाळत राहिलं असतं तर दक्षिणेतल्या सिनेटरांनी त्याला ओलीस धरून नागरी हक्कांवर सौदा मागितला असता. वित्त समितीचे अध्यक्ष हॅरी बर्ड यांची अट होती की अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत हवं. जॉन्सन यांनी कात्री लावून ९७.९ अब्जांचं अंदाजपत्रक दिलं. २६ फेब्रुवारी १९६४ ला करविधेयकावर सही झाली आणि ओलीस धरायला काही उरलं नाही.

प्रतिनिधिगृहात नियम समितीच्या परवानगीशिवाय विधेयक चर्चेलाच येत नाही, आणि समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ कट्टर विरोधक. त्यावर उपाय म्हणजे समितीकडून विधेयक काढून घेण्याचा अर्ज. त्याला २१८ सदस्यांच्या सह्या लागतात. सह्या तेवढ्या झाल्या नाहीत, पण होतील अशी स्थिती आल्यावर स्मिथ यांनी वाट मोकळी केली. १० फेब्रुवारीला विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं.

सिनेटमध्ये न्यायविषयक समिती मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांच्या ताब्यात. तिथे गेलेलं नागरी हक्कांचं विधेयक परत येत नसे. म्हणून बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी ते समितीला वळसा घालून थेट सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणलं. मग सुरू झाला फिलिबस्टर, म्हणजे अखंड भाषणं करून मतदानच होऊ न देणं. चर्चा बंद करायला तेव्हा हजर सदस्यांच्या दोनतृतीयांश, म्हणजे सगळे हजर असतील तर ६७ मतं लागत. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर बरोबर ६७ होते, पण त्यातले वीसेक दक्षिणेतले, विरोधातले. म्हणजे रिपब्लिकनांची २५ च्या आसपास मतं आणल्याशिवाय सुटका नव्हती, आणि त्यांची किल्ली अल्पमताचे नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे होती.

जॉन्सन यांनी इथे स्वतःला मागे ठेवलं. सभागृहातली सूत्रं डेमोक्रॅट सिनेटर ह्यूबर्ट हंफ्री यांच्याकडे, आणि श्रेय उघडपणे डर्कसन यांना. डर्कसन यांच्या आग्रहाने मसुद्यात बदल झाले : नोकरीतल्या भेदभावाची तक्रार आधी राज्याच्या यंत्रणेकडे जावी, आणि केंद्राच्या महान्यायवाद्याने एकेका तक्रारीवर खटला भरण्याऐवजी जिथे भेदभाव रीतसर चालू आहे तिथे भरावा. हॉटेलं, खाणावळी, चित्रपटगृहं सर्वांना खुली करणाऱ्या कलमाच्या गाभ्याला मात्र हात लावू दिला नाही. काय सोडायचं आणि काय मरेपर्यंत धरायचं हे आधी ठरवलेलं होतं. हा ठामपणा नसता तर सहमती झाली असती, कायदा मात्र पोकळ निघाला असता.

गणसंख्येचा कंटाळवाणा भागही सांगायलाच हवा. विरोधक कधीही गणती मागू शकत. त्या क्षणी ५१ सिनेटर हजर नसले तर कामकाज तहकूब, आणि नवा दिवस सुरू झाला की प्रत्येकाला त्याच विषयावर पुन्हा दोन भाषणांचा हक्क. म्हणून हंफ्री यांनी आळीपाळीच्या याद्या करून रोज माणसं हजर ठेवली. अनेक चांगली विधेयकं इथेच हरतात, भाषणांत नाही. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली : ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांची वाचा मेंदूच्या गाठीमुळे गेली होती. त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार नोंदवला. विधेयक १९ जूनला ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं आणि २ जुलैला त्यावर सही झाली.

किंमतही लगेच चुकवावी लागली. विधेयकाविरुद्ध मत दिलेले सिनेटर आणि जॉन्सन यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांनी त्याच नोव्हेंबरमध्ये खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. देशभर मात्र जॉन्सन प्रचंड मतांनी निवडून आले.

प्रश्न : लोकप्रियता अफाट असेल तर विरोधकांना मोजण्याची गरज नसते, हे रूझवेल्ट यांनी दाखवलं नाही का? (एक वाचक, पुणे)

त्यांनी आधी ते दाखवलं आणि मग त्याच्या मर्यादाही दाखवल्या. १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. सिनेटच्या ९६ जागांपैकी सत्तरहून अधिक त्यांच्या पक्षाकडे होत्या. सर्वोच्च न्यायालय त्यांचे कायदे पाडत होतं, म्हणून ५ फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी योजना मांडली : सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा नेमायचा, जास्तीत जास्त सहा. काँग्रेसमधल्या स्वतःच्या नेत्यांना त्यांनी हे जवळजवळ जाहीर होतानाच सांगितलं. कारणही खरं दिलं नाही. न्यायालयावर कामाचा बोजा आहे असं म्हणाले. २२ जुलैला सिनेटने विधेयक ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवून संपवलं. हरवणाऱ्यांत बहुसंख्य त्यांच्याच पक्षाचे होते. न्यायालयाने दरम्यान आपली भूमिका बदलली, त्यामुळे हेतू काहीसा साधला. पण दक्षिणेतले डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांची जी युती तेव्हा जमली, तिने पुढे त्यांच्या सुधारणा बरीच वर्षं रोखून धरल्या.

वुड्रो विल्सन यांचं १९१९-२० चं अपयश आम्हाला याहून दुःखद वाटतं. करार मंजूर व्हायला हजर सिनेटरांच्या दोनतृतीयांश मतं लागतात, हे ठाऊक असूनही पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तहपरिषदेला त्यांनी एकाही सिनेटरला नेलं नाही. परत आल्यावर रिपब्लिकन सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी तहाला १४ राखीव अटी सुचवल्या. त्यांतल्या बऱ्याच अटींसह राष्ट्रसंघ, म्हणजे त्या तहाने उभी केलेली देशांची संघटना, चालू शकला असता. विल्सन यांनी देशभर दौरा काढला, वाटेत कोसळले, ऑक्टोबरमध्ये पक्षाघात झाला, आणि अंथरुणावरूनही स्वपक्षीयांना अटींसह मत देऊ नका असं कळवलं. १९ मार्च १९२० च्या मतदानात ४९ बाजूने, ३५ विरुद्ध. सात मतं कमी पडली. ज्या संघटनेसाठी ते झिजले, तिच्यात त्यांचा देश कधीच गेला नाही.

प्रश्न : दुसऱ्या पक्षाचं एकही मत न घेता केलेला कायदा टिकतच नाही, असं म्हणता येईल का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

असा सरसकट नियम करू नका. २०१० चा आरोग्य विमा कायदा रिपब्लिकनांच्या एकाही मताशिवाय झाला. सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९, प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२. तेव्हाची सहमती पक्षाच्या आतच करावी लागली, कारण फिलिबस्टर मोडायला आता ६० मतं लागतात आणि एकेक डेमोक्रॅट सिनेटर आपली अट मान्य करून घेत होता. सरकारी विमा योजनेचा पर्याय त्यातच गळाला.

कायदा रद्द करायला निघालेल्या सिनेटमध्ये २८ जुलै २०१७ च्या पहाटे ४९ विरुद्ध ५१ मतांनी प्रयत्न फसला. तोपर्यंत लक्षावधी लोकांना विमा मिळालेला होता आणि रिपब्लिकन राज्यपालांपैकीही काहींनी गरिबांसाठीच्या विमा योजनेचा विस्तार स्वीकारला होता. विधेयक मांडताना न मिळालेली सहमती कायद्याने नंतर समाजात कमावली. पण मधली सात वर्षं न्यायालयीन लढाया, अर्धवट अंमल आणि अनिश्चितता यांत गेली, आणि विमा न घेणाऱ्यांवरचा दंड २०१७ च्या करकायद्याने शून्यावर आणला गेलाच.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष पूर्णपणे एकट्याने काय काय करू शकतो? (एक वाचक, रत्नागिरी)

केंद्रीय गुन्ह्यांना माफी देऊ शकतो. राज्याच्या गुन्ह्यांना आणि महाभियोगाला नाही. परदेशी सरकारला मान्यता देऊ शकतो. सेनादलांचा सरसेनापती तोच, परंतु १९७३ च्या कायद्यानुसार सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवावं लागतं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, ते मागे घ्यावं लागतं. ही मुदत राष्ट्राध्यक्षांनी मनापासून मानली आहे असं म्हणता येत नाही. विधेयक नाकारायला त्याला रविवार वगळून १० दिवस मिळतात. त्याचा नकार मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं हवीत. काँग्रेसचं अधिवेशन संपलेलं असेल आणि त्याने सही केली नाही तर विधेयक आपोआप पडतं.

प्रश्न : सहमतीच्या नादात वेळ जातो. संकटात एकाचाच शब्द चालायला नको का? (एक वाचक, नागपूर)

संकटात चालायला हवा, आणि चालतोही. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेतल्या बंडखोरांनी फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा काँग्रेसचं अधिवेशन नव्हतं. अब्राहम लिंकन यांनी तीन दिवसांत ७५,००० स्वयंसैनिक बोलावले आणि इतरही अनेक गोष्टी काँग्रेसला न विचारता केल्या. त्याच घोषणेत मात्र त्यांनी ४ जुलैला काँग्रेसचं अधिवेशन बोलावलं, तिच्यापुढे सगळं मांडलं आणि ऑगस्टमध्ये सैन्याविषयीच्या त्यांच्या कृत्यांना तिची संमती मिळवली. गुलामगिरीच्या बाबतीतही हीच रीत. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा त्यांनी सरसेनापती म्हणून एकट्याने केली, ती फक्त बंडखोर प्रदेशापुरती. युद्ध संपल्यावर न्यायालयात ती टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी १३ व्या घटनादुरुस्तीसाठी प्रतिनिधिगृहातलं एकेक मत स्वतः लक्ष घालून वळवलं. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी ती मंजूर झाली आणि डिसेंबरमध्ये पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली. धडाडीने दार उघडलं आणि सहमतीने ते पुन्हा बंद होऊ दिलं नाही. दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

दुसरी बाजूही पाहा. दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्ट यांनी काढलेल्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्या वेळी काँग्रेसने साथ दिली आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अडवलं नाही. १९८८ मध्ये देशाने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. भीतीच्या काळात सगळेच एकदिलाने चुकू शकतात, म्हणून ‘सहमती आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती कोणाला वगळून झाली हे विचारावं. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आम्हाला मोलाचा वाटतो, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून सुरुवातीला वगळलेले होते, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा भाग याच दोन कामांत होता. ती उणीव १९५० पासून टप्प्याटप्प्याने भरावी लागली.

प्रश्न : डॉ. आंबेडकर अमेरिकेत शिकले. मग त्यांनी आपल्याकडे अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष का आणला नाही? (एक वाचक, सोलापूर)

घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी याचं सरळ उत्तर दिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लोकशाही सरकारात स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठराविक मुदतीने होतो. संसदेत तो प्रश्न, ठराव, अविश्वास आणि चर्चांतून रोजच्या रोज होतो. भारतासारख्या देशाला रोजचा हिशेब अधिक गरजेचा, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

म्हणूनच आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनुसार तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो, एवढंच. तुलना करताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळे आपला खासदार पक्षादेशाविरुद्ध मत देऊन सहसा टिकत नाही. अमेरिकेत तसं बंधन नाही. तिथे राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या पक्षातलंही प्रत्येक मत कमवावं लागतं. डॉ. आंबेडकरांना अपेक्षित असलेला रोजचा हिशेब या बंदीमुळे बोथट झाला आहे, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं.

प्रश्न : ‘राष्ट्राध्यक्षांनी अमुक रद्द केलं’ अशा बातम्या वाचताना खरं काय घडलं हे कसं ओळखावं? (एक वाचक, डोंबिवली)

मूळ आदेश व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळतो. सुरुवातीच्या वाक्यात कोणत्या कायद्याच्या आधारे तो काढला हे लिहिलेलं असतं. तिथे केवळ ‘घटना आणि कायद्यांनी दिलेल्या अधिकारान्वये’ असं मोघम असेल आणि एकाही कलमाचा उल्लेख नसेल, तर आदेश फारसा नवा हक्क किंवा बंधन निर्माण करत नाही असं बहुधा निघतं. मग क्रियापदं पाहा : ‘अहवाल द्यावा’, ‘आढावा घ्यावा’, ‘नियम करण्याचा विचार करावा’ असं असेल तर काम अजून सुरूही झालेलं नाही. शेवटी बहुतेक आदेशांत ‘लागू कायद्यांशी सुसंगत आणि निधीच्या उपलब्धतेनुसार’ असं वाक्य असतं. ते वाचकांच्या नजरेतून सुटतं, पण तेच मर्म आहे, कारण तिजोरीतून पैसा काढायचा तर घटनेनुसार काँग्रेसने केलेली तरतूद लागते. मंजूर पैसा अडवून ठेवण्यावरही १९७४ च्या कायद्याने बंधन आहे : रद्द करायचा असेल तर प्रस्ताव पाठवायचा आणि ४५ दिवसांत काँग्रेसने मान्य केला नाही तर पैसा सोडायचा.

आदेश घटनेच्याच शब्दांना भिडत असेल तर न्यायालयं लवकर हलतात. जन्माने मिळणारं नागरिकत्व मर्यादित करणारा २० जानेवारी २०२५ चा आदेश सिअ‍ॅटलच्या केंद्रीय न्यायाधीशांनी तीनच दिवसांत तात्पुरता रोखला होता.

‘राष्ट्रीय आणीबाणी’ हे शब्द दिसले तर अधिक बारकाईने वाचा. १९७६ च्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्षाने ती जाहीर केली की इतर अनेक कायद्यांतले झोपलेले अधिकार जागे होतात. मूळ योजनेत काँग्रेस साध्या बहुमताने ती संपवू शकत होती. १९८३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तशी पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून आणीबाणी संपवणाऱ्या ठरावालाही राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार लागू होतो. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांनी संपवायला सांगितली, राष्ट्राध्यक्षांनी ठराव नाकारला, आणि तो नकार मोडताना प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ मतं पडली. दोनतृतीयांश झाली नाहीत. आणीबाणी दरवर्षी मुदतीआधी पुढे चालू ठेवल्याचं जाहीर केलं नाही तर ती आपोआप संपते. म्हणून अशा आदेशाची तारीख टिपून ठेवावी आणि वर्षभराने राजपत्रात तिचं नूतनीकरण झालं का ते पाहावं.